न पेटणारा टायरचा दिवा: अमेरिकेत जुनी मिनीव्हॅन घेताना होणारी फसवणूक

दहा-बारा वर्षं वापरलेली मिनीव्हॅन विकायला निघते तेव्हा तिच्या टायर प्रेशर सेन्सरच्या (चाकातली हवा मोजून गाडीला कळवणाऱ्या उपकरणाच्या) बॅटऱ्या बहुधा संपत आलेल्या असतात. ही बॅटरी सेन्सरमध्ये पक्की बसवलेली असते. ती पाच ते दहा वर्षं चालते आणि सुटी बदलता येत नाही, अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. चार सेन्सर, टायर उतरवायची मजुरी आणि गाडीच्या संगणकात नव्या सेन्सरची नोंदणी धरली तर काही शे डॉलर सहज जातात. सेन्सर मेला की डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा पेटतो, आणि तो दिसला की गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, म्हणून विकणारा सेन्सर बदलण्याऐवजी दिव्याचाच बंदोबस्त करतो.

"या मॉडेलला तो दिवा नसतोच" असं कुणी सांगितलं तर तिथूनच परत फिरा. २००० सालच्या ट्रेड (TREAD) या वाहनसुरक्षेच्या कायद्यामुळे १ सप्टेंबर २००७ पासून बनलेल्या प्रत्येक मिनीव्हॅनमध्ये हवा कमी झाल्याचा इशारा देणारी ही यंत्रणा सक्तीची आहे.

इंजिन सुरू न करता इग्निशन ऑन करा. घोड्याच्या नालेसारखं, मध्ये उद्गारचिन्ह असलेलं चिन्ह काही सेकंद पेटून विझलं पाहिजे. पेटलंच नाही तर दिवा काढलाय, कापलाय किंवा काळी पट्टी लावून झाकलाय. पेटून तसंच राहिलं तर एखाद्या टायरात हवा कमी आहे. मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झालं तर यंत्रणाच बिघडली आहे, म्हणजे बहुधा एखादा सेन्सर मेलाय. हा फरक न सांगता "थोडी हवा भरली की जाईल" म्हणणारे विक्रेते पुष्कळ. लुकलुकणारा दिवा हवा भरून जात नाही.

दिवा नीट पेटून विझला तरी खात्री धरू नका. गाडी दाखवण्याच्या आधी स्कॅनरने गाडीत नोंदलेले बिघाडाचे कोड पुसले तर दिवा तात्पुरता जातो, आणि सेन्सर गायब असल्याचं गाडीच्या लक्षात यायला बराच वेळ चालवावं लागतं. कॉलनीभोवती एक फेरी मारून सौदा करणारा इथेच फसतो. निदान अर्धा तास चालवा, त्यातला काही भाग हायवेवर.

टोयोटा सिएनाच्या २०११ नंतरच्या पिढीत आणखी एक पळवाट आहे. तिथल्या रीसेट बटणाने त्या क्षणी टायरात असलेली हवाच प्रमाण म्हणून नोंदवली जाते. दारावरच्या स्टिकरवर ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) असताना टायरात २७ ठेवून कुणी ते बटण दाबलं, तर पुढचा इशारा थेट विशीच्या आसपास मिळतो. तोवर टायरच्या कडा झिजत राहतात आणि टायर तापतो. म्हणून थंड टायरची हवा स्वतःच्या गेजने मोजा आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी ताडून बघा. टायरच्या बाजूला छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, त्याच्याशी नव्हे.

सगळ्यात बेरकी प्रकार पीव्हीसी पाइपचा. चार सेन्सर पाइपच्या तुकड्यात घालून, दोन्ही टोकं बंद करून, आत ३५ पीएसआय हवा भरतात आणि तो पाइप सीटखाली किंवा स्पेअर टायरच्या खाचेत टाकतात. ज्या गाड्यांत ही युक्ती चालते, तिथे गाडीला चारही टायर कायम भरलेले वाटतात. मग चाक पार बसलं तरी दिवा पेटत नाही, आणि गाडीत मुलंबाळं असतात! पकडायला सोपं आहे: एका चाकाची हवा ३५ वरून २४ वर आणा आणि मोकळ्या रस्त्यावर सावकाश वीसेक मिनिटं चालवा. इशाऱ्याची कायदेशीर मर्यादा स्टिकरच्या दाबापेक्षा २५ टक्के कमी, म्हणजे ३५ ला साधारण २६. दिवा पेटला नाही तर यंत्रणा आंधळी आहे. नंतर हवा भरायला १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर सोबत असू द्या. विकणारा या चाचणीला कां-कूं करत असेल तर तेवढ्यावरूनच समजून घ्या.

२०१८ पासूनच्या होंडा ओडिसीत चाकात सेन्सर नसतात, ती चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधते. तिच्यासाठी कुणी "चार सेन्सर" विकत असेल तर ती सरळ लूट आहे.

गाडी घेतल्यावर दुसरी लूट गॅरेजमध्ये होते. तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की टायरातली हवा साधारण १ पीएसआयने घटते. त्यामुळे डिसेंबरच्या पहिल्या थंडीत स्थिर दिवा पेटतो आणि "चारही गेले" असं निदान कानावर येतं. आधी हवा भरून बघा. दिवा लुकलुकत असेल तर टायरवाल्याला प्रत्येक व्हॉल्व्हपाशी टीपीएमएस टूल (टायर प्रेशर सेन्सर वाचणारं यंत्र) धरायला सांगा. सेन्सरचा आयडी, दाब आणि बॅटरीची स्थिती त्यावर दिसते. चारही उत्तर देत असूनही दिवा लुकलुकत असेल, तर कुणीतरी दुसऱ्या रिम चढवून नवे आयडी नोंदवलेले नसण्याची शक्यता मोठी. तेव्हा सेन्सर घ्यायची गरज नाही, ओबीडी पोर्टमधून (स्कॅनर जोडायच्या सॉकेटमधून) नोंदणी पुरते. सिएनात नुसतं रीसेट बटण दाबून ही नोंदणी होत नाही. सी २१२१ ते सी २१२४ हे कोड कोणत्या सेन्सरचा सिग्नल येत नाही ते सांगतात, पण फक्त इंजिनचे कोड वाचणाऱ्या स्वस्त रीडरवर ते दिसत नाहीत.

टायर बदलताना "सर्व्हिस किट" बिलात लावतात आणि जुनंच रबर ठेवतात, हेही सर्रास चालतं. किटमध्ये रबरी वॉशर, नट, व्हॉल्व्ह कोअर (हवा अडवणारा आतला छोटा भाग) आणि टोपी असते. कोअर निकेलचा थर दिलेलाच हवा. साधा पितळी कोअर व्हॉल्व्हच्या ॲल्युमिनियमच्या दांड्यात गंजून चिकटतो, पुढच्या वेळी जोर लावला की दांडा तुटतो आणि सेन्सरचं नवं बिल तुमच्या माथी येतं.

दाद मागायची तर कोण विकणारा आहे ते महत्त्वाचं. डीलर किंवा गॅरेजने सुरक्षेची यंत्रणा जाणूनबुजून निकामी करायला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे, खासगी विक्रेत्याला ते कलम लागू नाही. न्यू जर्सीत इन्स्पेक्शनच्या स्टिकरवर विसंबू नका, तिथे २०१० पासून खासगी गाड्यांची यांत्रिक तपासणी होत नाही. डीलरकडून घेताना "टायर प्रेशर यंत्रणा चालू, चार सेन्सर चाकांत" एवढं सहीनिशी लिहून घ्या. गॅरेजकडून बिलावर चारही नवे आयडी मागा, आणि जुने सेन्सर परत घ्या.