भावाबहिणीचं मूल आपल्या घरी: पालकत्व घ्यावं की दत्तक?

घरातली तरुण माणसं अचानक जातात, कधी नवरा-बायको दोघंही. तेरावं झालं, पाहुणे पांगले की प्रश्न उरतो मुलांचा. काका, मामा, मावशी, आत्या किंवा आजी-आजोबा, कुणीतरी पुढे होतं आणि मूल घरी आणतं. कागदाचं तेव्हा कुणाला सुचत नाही. पुढे कधी पासपोर्ट, कधी विम्याचे पैसे, कधी जमिनीचा व्यवहार अडतो आणि घाईघाईत स्टॅम्प पेपरवर नोटरी केली जाते: 'या मुलाची जबाबदारी आम्ही घेत आहोत.' या कागदाने पालकत्व मिळत नाही आणि दत्तकही होत नाही. गावाकडे असाच आणखी एक समज आहे. सातबाऱ्यावर अज्ञान (18 वर्षांखालच्या) मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून काकांचं नाव लागलं की काका कायद्याने पालक झाले, असं लोक धरून चालतात. ती फक्त महसुली नोंद असते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 स्पष्ट सांगतो की केवळ सांभाळ करतो एवढ्यावर कुणालाही अज्ञान मुलाची मालमत्ता विकता येत नाही.

खरे रस्ते तीन आहेत: 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून पालकत्व, 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तक आणि 2015 च्या बाल न्याय कायद्याने नातेवाईकाने घेतलेलं दत्तक. अशा कुटुंबांबरोबर कागदपत्रांचं काम मी करते, त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. मुलाला आपले आई-वडील आठवत असतील तर आधी पालकत्व घ्या. मूल तान्हं असेल, किंवा त्याला तुमच्याशिवाय दुसरं घरच माहीत नसेल, तर दत्तक.

यामागचं मोठं कारण म्हणजे परतीची वाट. पालकत्व बदलता येतं. पालकाने हलगर्जी केली तर न्यायालय त्याला काढून दुसरा नेमतं आणि मूल 18 वर्षांचं झालं की पालकत्व आपोआप संपतं. मुलाचं नाव, आडनाव, जन्मदाखला, आई-वडिलांशी असलेलं नातं, काहीच पुसलं जात नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे फार महत्त्वाचं असतं. शाळेच्या दाखल्यावर बाबांचं नाव राहिलं पाहिजे, हे मुलं अनेकदा स्वतःच सांगतात. दत्तक मात्र एकदा वैध झालं की मागे घेता येत नाही. 1956 च्या कायद्यात दत्तक घेणाऱ्यालाही ते रद्द करता येत नाही आणि मुलालाही जन्माच्या घरी परतता येत नाही. वर्षश्राद्धही झालेलं नसताना असा निर्णय घेऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

पालकत्वाचा अर्ज मूल जिथे राहतं तिथल्या जिल्हा न्यायालयात करतात. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे मुलाच्या देखभालीपुरतं पालकत्व तेच पाहतं. जवळच्या नातेवाइकांना नोटीस जाते. न्यायाधीश मुलाचं हित पाहतात आणि मूल समजण्याच्या वयाचं असेल तर त्याची इच्छाही विचारात घेतात. इथे एक अट आहे जी पुष्कळांना उशिरा कळते. आई किंवा वडील हयात असतील आणि न्यायालयाला ते अपात्र वाटत नसतील, तर मुलाच्या देखभालीसाठी दुसरा पालक नेमताच येत नाही. मुलगा गेला, सुनेने दुसरं लग्न केलं, नातू आजी-आजोबांकडे राहिला, हे आपल्याकडे नेहमीचं. पण पुनर्विवाहामुळे आईचं नैसर्गिक पालकत्व संपत नाही. अशा घरात सुनेशी बोलणं टाळून न्यायालयात धावण्यापेक्षा तिला सोबत घेऊन मार्ग काढणं मुलासाठी नक्कीच बरं.

पालकत्वाची उणी बाजूही सांगायला हवी. केवळ पालकत्वामुळे मूल तुमचं वारस होत नाही. त्याला तुमच्या मागे काही मिळावं असं वाटत असेल तर मृत्युपत्र करावं लागेल, आणि ते करायचं राहूनच जातं. शिवाय न्यायालयाने नेमलेल्या पालकाला मुलाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता, गहाण ठेवता किंवा बक्षीस देता येत नाही, पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाड्यानेही देता येत नाही. काहींना हा जाच वाटतो. मला ही मुलासाठीची सगळ्यात चांगली तरतूद वाटते.

आता दत्तकाचे दोन कायदे. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना 1956 चा कायदा लागू होतो. आई किंवा वडील हयात असतील तर हा रस्ता सोपा दिसतो: प्रत्यक्ष देणं-घेणं, दत्तकपत्र, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी. नोंदलेलं दत्तकपत्र असलं की न्यायालय दत्तक कायदेशीर झालं असं गृहीत धरतं. पण घरात आधीच मुलगा, नातू किंवा पणतू असेल तर आणखी मुलगा दत्तक घेता येत नाही आणि मुलगी किंवा मुलाची मुलगी असेल तर मुलगी घेता येत नाही. ज्या काकांना स्वतःचा मुलगा आहे त्यांचा पुतण्यासाठीचा रस्ता इथेच बंद होतो. रूढीचा अपवाद सोडला तर मूल 15 वर्षांखालचं लागतं. पुरुष मुलीला किंवा स्त्री मुलाला दत्तक घेणार असेल तर वयात 21 वर्षांचं अंतर हवं. आणि आई-वडील दोघंही वारले असतील तर मूल देण्यासाठी पालकाला न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावीच लागते. 'नुसतं रजिस्टर करून टाकू' हे अनाथ मुलाच्या बाबतीत चालत नाही.

बाल न्याय कायद्यात धर्माचा प्रश्न येत नाही. काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा हे त्यात 'नातेवाईक' धरले आहेत. स्वतःची मुलं असली तरी अडत नाही आणि 18 वर्षांपर्यंतचं मूल घेता येतं. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पण मूल ठरलेलं असल्यामुळे प्रतीक्षा यादी नसते. आई-वडील दोघंही नसतील तर बाल कल्याण समितीची परवानगी लागते. मूल पाच वर्षांचं किंवा त्याहून मोठं असेल तर त्याची स्वतःची संमती घ्यावी लागते, हा मला या कायद्याखालचा सगळ्यात शहाणपणाचा नियम वाटतो. पूर्वी दत्तकाचा आदेश न्यायालय देत असे. 2021 च्या दुरुस्तीनंतर, 1 सप्टेंबर 2022 पासून, कायद्याने तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला आहे. एकट्या पुरुषाला मात्र या कायद्याने मुलगी दत्तक घेता येत नाही.

एकट्या स्त्रियांनी दबून जाऊ नये म्हणून एक निकाल सांगते. बहिणीची मुलगी दत्तक घेऊ पाहणाऱ्या एका घटस्फोटित शिक्षिकेचा अर्ज भुसावळच्या न्यायालयाने नाकारला होता. नोकरी करणाऱ्या एकट्या बाईला मुलीकडे लक्ष देता येणार नाही, असं त्यामागचं कारण होतं. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि अशी विचारसरणी मागासलेली ठरवली.

दत्तक घेतल्यावर बापाची जमीन जाईल का, ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. दोन्ही कायद्यांत उत्तर एकच आहे: दत्तकाआधी जी मालमत्ता मुलाच्या हक्कात आलेली आहे, ती त्याचीच राहते. म्हणून वडिलांच्या मृत्यूनंतर वारस नोंद आणि फेरफार आधी करून घ्या, दत्तकाचा विषय मग काढा. आजोबा हयात असतील तर त्यांच्या स्वकष्टाच्या जमिनीत पुढे मिळू शकणारा वाटा मात्र दत्तकानंतर सुटतो. तिथे आजोबांनी मृत्युपत्र करणं हाच उपाय. मुलाला वडिलांच्या नोकरीची पेन्शन मिळत असेल तर दत्तकाने तिच्यावर काय परिणाम होईल, हे कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या.

आजी-आजोबांना मी जवळजवळ नेहमी पालकत्वच सुचवते. आईच्या आई-वडिलांनी नातवाला दत्तक घेतलं तर कायद्याच्या भाषेत त्याची आई त्याची बहीण होते. कागदावरही मुलावर हे येऊ नये.

परदेशात राहणाऱ्या मामा-मावशींना भाच्याला सोबत न्यायचं असेल तर पालकत्वाचा आदेश सहसा पुरत नाही. दत्तक लागतं, तेही 'कारा'ची ना-हरकत घेऊन. म्हणून त्या देशाचे नियम आधी पाहा. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता लागू असल्यामुळे तिथल्या वकिलाचाच सल्ला घ्या.

काही घरांत यातलं काहीच लगेच करायची गरज नसते, फक्त खर्चाची ओढाताण असते. तिथे राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आई-वडिलांपैकी एक किंवा दोघंही गमावलेल्या मुलासाठी तीत दरमहा 2250 रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा. आई-वडिलांचा मृत्यूदाखला, मुलाचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार आणि उत्पन्नाचा दाखला जमवून ठेवा. उत्पन्नाचा दाखला सोडला तर हेच कागद पुढे पालकत्वाच्या अर्जालाही लागतात, म्हणून प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती काढा.