रम की एग? बोटीचा एकच दिवस हाताशी असेल तर

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मॅलेगच्या धक्क्यावरून रम आणि एग, या दोन्ही बेटांकडे बोट जाते. पण दोन्हीकडे रोज जात नाही, म्हणून बहुतेकांना एकच बेट निवडावं लागतं. पक्षी, डोंगर दोन्हीकडे आहेत. मी इथे एवढंच बघतोय, की जमीन कोणाची होती आणि तिथल्या माणसांचं पुढे काय झालं.

रमवर (दारूशी संबंध नाही, मालकांना मात्र तो इतका खुपला की त्यांनी स्पेलिंगच बदललं) बघायचा तो किनलॉख कॅसल. तांबड्या दगडाचा हा वाडा जॉर्ज बुलोनं १९०० च्या सुमारास बांधून घेतला, कशासाठी, तर वर्षातल्या काही आठवड्यांच्या शिकारीसाठी. जिन्याखाली आपोआप वाजणारं ऑर्केस्ट्रिऑन, म्हणजे अख्खा बँड एका कपाटात. हा पैसा आला इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टनच्या 'हॉवर्ड अँड बुलो' कारखान्यातून. गिरणगावातल्या सूतकताई खात्यांत ज्यांची यंत्रं धडधडायची, त्यांतलेच हे.

पण बुलो आले तेव्हा बेट जवळपास रिकामंच होतं. १८२६ मध्ये शेजारच्या कॉल बेटाच्या मॅक्लीन मालकांच्या काळात सुमारे ३०० माणसांना दोन जहाजांत घालून कॅनडातल्या केप ब्रेटनला धाडलं गेलं. थकबाकी माफ, वर प्रवासखर्चही दिला. जागा हवी होती मेंढ्यांना. पुढे मेंढ्यांचा धंदाही बुडाला. १९५७ मध्ये बुलोंनी बेट सरकारी निसर्गसंस्थेला विकलं. आजही वस्ती मोजकीच, आणि वाड्याच्या आतलं दर्शन बरीच वर्षं बंद आहे. काचेला नाक लावून बघायचं, बस.

एगवर वाडा बघायला कोणी जात नाही. क्लॅनरनल्डच्या मॅकडॉनल्ड घराण्यानं एकोणिसाव्या शतकात बेट विकलं आणि मग मालक बदलत राहिले: रन्सिमन, १९७५ पासून शेलेनबर्ग, १९९५ मध्ये मारुमा नावाचा जर्मन चित्रकार. आपल्या घराचा भाडेकरार उद्या टिकेल का, हे माहीत नसताना माणसं राहत होती. १२ जून १९९७ रोजी रहिवाशांच्या ट्रस्टनं बेट विकत घेतलं, किंमत सुमारे १५ लाख पौंड. तेव्हा वस्ती होती साठ-पासष्टची, आता शंभरावर गेली आहे. २००८ पासून वीजही स्वतःची: पाणी, वारा, ऊन. एका घराला एका वेळी ५ किलोवॅट, त्यापलीकडे गेलात तर वीज जाते.

मला विचाराल तर दिवसभरासाठी एग. कूळकायद्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्याला ते बेट चटकन कळतं. रमला जायचं तर मुक्कामानं जा, आणि बेटावरच्याच हॅरिस या जागेपर्यंत चाला. तिथे निर्मनुष्य किनाऱ्यावर ग्रीक देवळासारखी बुलोंची समाधी उभी आहे.

एगला गेलात तर टॉर्च न्या. १५७७ च्या सुमारास मॅकलाउड या वैरी घराण्याच्या लोकांनी तोंडाशी धूर करून जवळपास ४०० माणसं गुदमरवली असं सांगतात, त्या गुहेचं तोंड इतकं बुटकं आहे की वाकूनच आत शिरावं लागतं.