निळ्या मशरूमचा बायबॅक : डिचोली-पेडणेवाल्यांनो, पैसे भरायच्या आधी वाचा

आमच्या डिचोलीच्या बायकांच्या गटाला निळ्या ऑयस्टर मशरूमच्या नावाने फसवलंय म्हणून हे लिहितेय. चवथीच्या आधी एक माणूस आला, बियाणं घातलेल्या पिशव्या तो देणार आणि तयार माल पण तोच उचलणार अशी स्कीम, गटाने 35 हजार भरले. आम्ही तेव्हाच विचारलेलं, भाऊ आमच्याकडे एवढं गरम होतं, येईल ना? "वहिनी काय टेन्शन घेऊ नका, गोव्याची हवा मशरूमला एक नंबर."

मशरूम आलं, पण फिकट राखाडी, काही तर पांढरंच. लगेच त्याने करारातली ओळ दाखवली, गडद निळा रंग असला तरच खरेदी. एक किलो सुद्धा नेला नाही.

मग एका जाणकाराने येऊन बघितलं. तो निळा रंग थंडीत धरतो, साधारण 10 ते 18 डिग्रीत, आणि उजेड पण लागतो, गरमीत तेच बियाणं फिकट पडतं, बियाण्यात काही खोट नसली तरी. आता आपल्या पणजीत जानेवारीची पहाट सुद्धा 20 च्या आसपास असते, मग एसी खोली नसताना तो रंग येणार कुठून? बियाणं विकणाऱ्याला हे माहीत नसेल असं मला कोणी सांगू नये. इथे पुरी होणारच नाही अशी अट मुद्दाम घातलेली.

शिवाय खोली काळोखी आणि बंद ठेवा असं त्या स्कीमवाल्यानेच सांगितलेलं. कोंब फुटले की उजेड आणि खेळती हवा लागतेच, नाहीतर कार्बन डायऑक्साइड साठतो, दांडे लांबतात आणि टोपी बारकी राहते, आमचं तेच झालं. काही पिशव्यांत हिरवे डाग दिसले तर फोनवर म्हणतो रंग धरतोय, थांबा! ती ट्रायकोडर्मा बुरशी होती, सुरवातीला पांढरीच दिसते म्हणून कळत नाही, बीजाणू धरले की हिरवी होते, पेंढा नीट उकडलेला नसला की हमखास येते, आणि पिशव्या तर त्यानेच भरून दिलेल्या.

पोलिसांत तक्रार दिलीय. मशरूम करायचंच असेल तर गुलाबी ऑयस्टर 20 ते 30 डिग्रीत येतं, आणि जुने गोव्यात एला इथे आयसीएआरचं (भारतीय कृषी संशोधन परिषदेचं) केंद्र आहे, पैसे देण्याआधी तिथे जाऊन विचारा. तोच माणूस आता पेडण्यात मीटिंगा घेतोय असं कळलंय, करारात रंगाची अट दिसली तर सही करू नका.