थांबता येणारी रहस्यकादंबरी: लातूरच्या वाचनगटात वर्षभर वापरलेली पुस्तकं

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी रहस्यकादंबरी निवडताना शेवट किती धक्कादायक आहे, याकडे मी आता फारसं बघत नाही. पुस्तक मध्येच कुठे थांबवता येतं, ते आधी बघते. गेल्या जूनपासून लातूरला आमच्या भागातल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत हा गट चालतो. जी पुस्तकं गटात रंगली, ती सगळी अशी अधूनमधून थांबता येणारी होती.

याचं कारण आमच्या लेकरांचं वेळापत्रक. लातूर पॅटर्नमध्ये वाढणाऱ्या पोराला शाळा, मग क्लास, मग क्लासचा अभ्यास, आणि रविवारी सकाळी टेस्ट. आम्ही भेटतो रविवारी संध्याकाळी पाचला. दोन भेटींत आठवडा जातो. एका रात्रीत संपवावंसं वाटणारं पुस्तक एकट्यानं वाचायला झकास, पण गटात त्याचा बोजवारा उडतो. कुणीतरी सोमवारीच शेवट गाठतं आणि मंगळवारी क्लासच्या ऑटोत खुनी कोण ते सगळ्यांना कळलेलं असतं.

सुरुवात फेलूदापासून केली आणि नव्या गटाला मी तेच सांगेन. सत्यजित राय यांनी १९६५ मध्ये 'संदेश' मासिकात हा गुप्तहेर आणला. अशोक जैन यांचे मराठी अनुवाद सहज वाचले जातात. गोष्टी आटोपशीर आहेत, दोन-तीन रविवारांत संपतात. सांगणारा तोपशे फेलूदाचा चुलतभाऊ आणि वयानं आमच्या पोरांच्या बरोबरीचा, त्यामुळे फेलूदाच्या डोक्यात काय चाललंय ते त्यालाही कळत नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही. जैसलमेरच्या किल्ल्याच्या गोष्टीत जटायू हा लेखक पहिल्यांदा येतो. त्याच्या थरारक कादंबऱ्यांतल्या ढोबळ चुका फेलूदा दाखवतो, तिथे पोरं खूप हसली. फास्टर फेणेही ठेवला होता. त्यात साहस भरपूर, पण संशयित पकडून वाद घालायला जागा कमी. सहावी-सातवीला तो जास्त जमतो, आमच्या नववीवाल्यांनी धाकट्या भावंडांसाठी घरी नेला.

खरा रंग भरला तो कॉनन डॉयल यांच्या 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या शेरलॉक होम्सच्या कादंबरीनं. ही कादंबरी 'स्ट्रँड' मासिकात ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ अशी नऊ महिने क्रमशः आली होती. म्हणजे वाचकाला महिनाभर ताटकळत ठेवायचं हे तिच्या घडणीतच आहे, आमचा आठवडा त्यापुढे काहीच नाही. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी डॉक्टर मॉर्टिमर प्रेताजवळ दिसलेल्या पाऊलखुणांबद्दल सांगतो. तिथे मी पुस्तक मिटलं, तर खोलीत नुसता आरडाओरडा.

पहिल्या प्रकरणात होम्स आणि वॉटसन एका विसरलेल्या काठीवरून तिच्या मालकाबद्दल अंदाज बांधतात. ते वाचायच्या आधी मी वाचनालयात पावसाळ्यापासून पडून असलेली एक काळी छत्री टेबलावर ठेवली. मुठीला इलेक्ट्रिशियन वापरतात ती चिकटपट्टी गुंडाळलेली, एक काडी तारेनं बांधलेली. एक पोरगा टोक निरखून म्हणाला, "ताई, हा माणूस छत्रीचा काठीसारखा वापर करायलाय. बघा की, एकाच बाजूनं झिजलंय." दुसरीचं म्हणणं, तारेची गाठ इतकी नीट आहे की दुरुस्ती त्यानं स्वतःच केली असणार. छत्री अजून तिथेच आहे, मालक आलेला नाही. पण त्यानंतर वॉटसनचे अंदाज कुठे घसरतात हे पोरांनी माझ्याआधी ओळखलं.

या कादंबरीची अडचणही सांगते. मधल्या भागात होम्स गायब असतो आणि वॉटसनची पत्रं-टिपणं चालू राहतात. तिथे दोन रविवार जांभया आल्या. पत्रं मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा गाडी पुढे सरकली. दुसरी गोष्ट प्रतीची. कॉनन डॉयल १९३० मध्ये वारले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, ती मुदत केव्हाच संपल्यानं हे कुणीही छापू शकतं. स्वस्त प्रती ढिगानं मिळतात आणि त्यातल्या कित्येक 'मुलांसाठी संक्षिप्त' असतात. संक्षेप करणारा नेमके बारीकसारीक तपशील कापतो आणि रहस्यकथेत धागेदोरे तिथेच असतात. मूळ कादंबरीत १५ प्रकरणं आहेत. हातातल्या प्रतीत सात-आठच असतील तर ती दुकानातच ठेवून द्या.

प्रतींवरून आठवलं. एका विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत एका इंग्रजी कादंबरीच्या काही प्रती आल्या. कागद पातळ, छपाई पुसट, तेवढं चालवून घेतलं असतं. पण एका प्रतीत सोळा पानांचा अख्खा फर्मा गायब आणि आधीचाच फर्मा दोनदा शिवलेला. ज्या मुलीकडे ती गेली तिला वाटलं लेखिकेनं मुद्दाम तोच प्रसंग पुन्हा आणलाय, आणि तिनं त्यावर भारी तर्क लढवला होता! विक्रेत्यानं बदलून दिल्या नाहीत. तेव्हापासून प्रत्येक प्रतीचे पानांचे आकडे शेवटपर्यंत चाळूनच पैसे देते.

अगाथा ख्रिस्तीची १९३९ची बेटावरची कादंबरी, 'अँड देन देअर वर नन', गटासाठी आजवरची सगळ्यात सोयीची. दहा अनोळखी माणसं, एक बेट आणि एकेक जण कमी होत जाणारा. प्रत्येक मृत्यूनंतर आपोआप थांबा मिळतो. पहिल्याच प्रकरणात नावांची गर्दी असल्यानं फळ्यावर दहा नावं आणि प्रत्येकापुढे त्याच्यावरचा जुना आरोप लिहून ठेवला. शेवट जवळ आला की प्रत्येकानं संशयिताचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, खाली पान क्रमांकासह पुरावा, आणि चिठ्ठी बिस्किटाच्या डब्यात. पुरावा नसेल तर चिठ्ठी बाद. सोळा प्रकरणांनंतर उपसंहार आणि त्याच्याही नंतर एक हस्तलिखित येतं. ती शेवटची पानं मी सगळ्या प्रतींमध्ये क्लिप लावून बंद केली होती. प्रस्तावना असेल तर तीही बंद करा, जुन्या पुस्तकांचे प्रस्तावनाकार बिनदिक्कत सगळं सांगून टाकतात. मलपृष्ठासाठी खाकी कव्हर. यात आत्महत्येचे उल्लेख आहेत, आठवीला देताना मी त्यावर आधी बोलले.

आजच्या पुस्तकांपैकी हॉली जॅक्सनची 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर' (२०१९) दहावीच्या गटानं इंग्रजीत वाचली. पिप ही शाळकरी मुलगी गावातलं पाच वर्षांपूर्वीचं प्रकरण शाळेच्या प्रकल्पाचा विषय म्हणून घेते. मुलाखती, नोंदी, संशयितांची यादी असा सगळा मसाला पानांवरच असल्यानं मराठी माध्यमाच्या पोरांनाही इंग्रजी झेपलं. मुलाखती आम्ही भूमिका वाटून वाचल्या. चारशेहून जास्त पानं आहेत, सहामाही परीक्षेनं मध्ये खंड पडला, तरी नोंदींमुळे धागा पुन्हा सापडला. पण यात अमली पदार्थ आहेत, पेयात गुंगीचं औषध घालण्याचा विषय आहे. आधी स्वतः पूर्ण वाचा आणि पालकांना मोकळेपणानं सांगा. मी सांगितलं तेव्हा एक आई म्हणाली, "ताई, फोनवर ही लेकरं याहून काय काय बघायलेत. निदान हे तुमच्यासमोर वाचतील." एका वडिलांनी मात्र यानं नीटचे मार्क वाढतील का, असं सरळ विचारलं. नाही वाढणार, म्हटलं. मुलीला तरी पाठवतात.

शेवट ओळखताच येणार नाही अशी पुस्तकं पोरांना आवडतील असा सर्वसाधारण समज आहे. आमच्याकडे उलटं झालं. एका कादंबरीत खुनी शेवटच्या वीसेक पानांतच उगवला, तेव्हा पोरं चिडली. त्यांना रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्यानं १९२९ मध्ये मांडलेले रहस्यकथेचे नियम सांगितले. गुन्हेगार गोष्टीत सुरुवातीलाच दिसला पाहिजे, गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही, गुप्त वाट एकाहून जास्त नको, वगैरे. आता प्रत्येक पुस्तक संपलं की त्या नियमांवर निकाल लागतो आणि लेखकाला सूट मिळत नाही.

जानेवारीनंतर दहावीवाले गळतात, ते धरूनच चाला. त्या काळात लघुकथा बऱ्या, एका बैठकीत निकाल. मे महिन्यात पाच वाजताही वरच्या खोलीत बसवत नाही, म्हणून भेट सकाळी साडेसातला. जूनमध्ये नवी आठवी आली की बास्करव्हिल पुन्हा घेणार आहे. जुन्यांनाही यायचंय. त्यांना अट एकच, तोंड उघडायचं नाही.