कार्डावर डल्ला पडला तर भुर्दंड कुणाला? क्रेडिट आणि डेबिट शेजारीशेजारी

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्याचा सल्ला ठरलेला असतो. "मावशी, ऑनलाइन काही घ्यायचं तर क्रेडिट कार्डच. डेबिटला हात लावू नकोस." तो जिथे राहतो तिथे हे अगदी खरं आहे. अमेरिकेत कायदाच दोन कार्डांत भेद करतो. क्रेडिट कार्डाचा कुणी गैरवापर केला तर ग्राहकाच्या माथी जास्तीत जास्त 50 डॉलर. डेबिट कार्ड चोरीला गेल्याचं दोन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तेवढेच, उशीर केला तर 500 पर्यंत. आणि स्टेटमेंट आल्यावर 60 दिवस गप्प बसलात तर त्यानंतर जे जाईल ते सगळं तुमचं.

आपल्याकडे मात्र रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात दोन्ही कार्डांना एकच माप लावलं. चूक बँकेची असेल तर तुमच्यावर शून्य भार, तुम्ही कळवा अगर न कळवा. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मधल्याच कुठल्या तरी यंत्रणेतून माहिती फुटली, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं की शून्य. संदेश आला तो दिवस धरत नाहीत. शुक्रवारी रात्री संदेश आला, दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार असला, तर मोजणी सोमवारपासून आणि मुदत बुधवारपर्यंत. म्हणून काही बुधवारची वाट पाहू नये, तोवर चोर थांबत नाही.

चौथ्या ते सातव्या कामकाजाच्या दिवसात कळवलं तर दर व्यवहारामागे ठरावीक रकमेपर्यंतचा तोटा तुमचा. त्यापुढे बँकेच्या संचालक मंडळाचं जे धोरण असेल ते.

या ठरावीक रकमेत एक गंमत आहे. साध्या बचत खात्याला 10,000 रुपये, मग खात्यात वीस हजार असोत की वीस लाख. शून्य शिलकीच्या मूलभूत बचत खात्याला 5,000. क्रेडिट कार्डाची मर्यादा पाच लाखांपर्यंत असेल तर 10,000, पण पाच लाखांच्या वर गेली की 25,000. म्हणजे सहा लाखांचं कार्ड मिरवणाऱ्यापेक्षा साध्या बचत खात्याच्या डेबिट कार्डवाल्याची जबाबदारी कमी! "क्रेडिट कार्ड सुरक्षित" असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा तक्ता एकदा बघावा.

तरीही माझं मत क्रेडिटकडे झुकतं. कारण आहे ते तक्रार केल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या दिवसांत.

डेबिट कार्डावर डल्ला पडला की पैसे तुमच्या खात्यातून गेलेले असतात. बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि 90 दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. दहा कामकाजाचे दिवस म्हणजे कॅलेंडरवर दोन आठवडे. आमच्या शेजारच्या वहिनींच्या पगार खात्यातून महिनाअखेरीस असेच पैसे उडाले. पाच तारखेला घराचा हप्ता परत गेला, त्याचा दंड वेगळा. पुढे रक्कम जमा झालेली दिसली, पण बँकेने तिच्यावर अडकाव ठेवला होता. दिसते पण काढता येत नाही, आरशातल्या लाडवासारखी.

क्रेडिट कार्डावर तीच चोरी झाली तर तुमच्या खात्यातला रुपया हललेला नसतो. फसवणूक म्हणून तक्रार केलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत शुल्क लावता येत नाही. पैसा अडकतो तो बँकेचा. तुमची फक्त मर्यादा अडते. पेन्शनवर किंवा एकाच पगारावर चालणाऱ्या घरात हा फरक फार मोठा.

पण क्रेडिट कार्डाला एक चोरदरवाजा आहे, तो परदेशी संकेतस्थळांचा. आपल्या देशातल्या ऑनलाइन खरेदीला ओटीपी लागतो. परदेशी दुकानात कित्येकदा नुसता कार्डाचा नंबर, तारीख आणि सीव्हीव्ही पुरतो. परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं, दोन्ही अॅपमधून बंद करता येतं, कार्ड डेबिट असो की क्रेडिट. टॅप करून पिनशिवाय एका वेळी 5,000 पर्यंत जातात, हे पाकीट हरवल्यावरच आठवतं.

ओटीपी स्वतःहून सांगितला, तर दोन्ही कार्डं सारखीच. बँकेला कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. यूपीआयचं दुखणं तेच, कारण पिन तुम्हीच दाबलेला असतो. मात्र चूक ग्राहकाचीच हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, आणि "ओटीपी वापरला गेला म्हणजे तुम्हीच दिला" एवढ्यावर ती संपत नाही. स्टेट बँकेच्या एका ग्राहकाचे 94,204 रुपये ठगाने सांगितलेलं अॅप घेतल्यावर गेले होते. त्याने 24 तासांत कळवलं होतं. गुवाहाटी उच्च न्यायालयाने भरपाई बँकेवर टाकली आणि जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. म्हणून काउंटरवरच्या पहिल्या नकाराने घरी परतू नये. सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन, बँकेकडे लेखी तक्रार, तिचा क्रमांक. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. त्याला पैसे पडत नाहीत.

आता निवड. खर्चाचा हिशेब ठेवता, बिल वेळेवर भरता, तर ऑनलाइन खरेदीला क्रेडिट कार्ड. उधारीची सवय जडेल अशी धास्ती असेल तर नको. ठगाने नेले नाहीत तेवढे व्याजात जातील. अशांनी दुसरं बचत खातं उघडावं, त्यात खरेदीपुरतेच चार-पाच हजार ठेवावेत आणि डेबिट कार्ड त्याचं वापरावं. पगाराच्या किंवा पेन्शनच्या खात्याचं कार्ड फक्त एटीएमपुरतं.

मी आईसाठी क्रेडिट कार्ड घेतलं. मर्यादा 40 हजार, परदेशी व्यवहार बंद. बँकेतून मर्यादा वाढवून देतो म्हणून दोनदा फोन आला. आईने दोन्ही वेळा "मुलीला विचारते" म्हणून ठेवून दिला.