कापसाच्या जिनिंगमध्ये 3 टनी डिझेल फोर्कलिफ्ट: हंगामभराच्या वापरानंतर

उचलायला गाडी दमदार, पण रेडिएटर डोकं फिरवतो. वॉरंटीतल्या गाडीचं बिल हातात पडलं, म्हणून हे सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण या वजनाच्या बहुतेक डिझेल गाड्यांची मांडणी अशीच असते.

बिल कशाचं, तर नागपूरहून येण्याजाण्याच्या किलोमीटरचं आणि ‘रेडिएटर सफाई’चं. वॉरंटी नाकारली ती ‘बाहेरचा कचरा’ म्हणून. राजेहो, जिनिंगला गाडी विकताना तिथे रुई उडते हे माहीत नव्हतं काय?

कारमध्ये पंखा समोरून हवा आत ओढतो. फोर्कलिफ्टमध्ये रेडिएटर इंजिनाच्या मागे, काउंटरवेटच्या (तोल धरणाऱ्या मागच्या वजनाच्या) जाळीला लागून असतो आणि पंखा हवा मागे ढकलतो. ही हवा येते खालून, चेसिसच्या फटींतून, आणि येताना जमिनीवरची रुई घेऊन येते. थर बसतो तो रेडिएटरच्या आतल्या, इंजिनाकडच्या तोंडावर. मागून बघाल तर सगळं स्वच्छ, आणि तापमानाचा काटा मात्र लाल पट्ट्यात. सर्व्हिसवाल्यानं सीटखालचं झाकण उघडून इंजिनाच्या बाजूनं हवा मारली. त्यानं रुई निघत नाही, फिनमध्ये, म्हणजे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत, आणखी ठासते.

खरी पद्धत उलटी आहे. गाडी बंद, थंड, चावी काढलेली. काउंटरवेटच्या जाळीतून इंजिनाकडे कॉम्प्रेसरची हवा मारायची, दाब 2 ते 3 बार, नोझल अगदी सरळ. तिरपी धरली की फिन वाकतात. सुटलेली रुई आतून हातानं काढायची, नाहीतर गाडी सुरू करताच पंखा ती परत तिथेच चिकटवतो. आधी पाणी मारू नका. ओल्या रुईचा लगदा होतो आणि वाळला की पुठ्ठ्यासारखा बसतो. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवरची रुईही याच वेळी काढा, ती तर सरळ आगीला आमंत्रण. स्पार्क अरेस्टर (धुरातल्या ठिणग्या अडवणारी जाळी) नसेल तर गाडी प्रेस हाउसमध्ये, जिथे रुईच्या गाठी दाबतात तिथे, शिरूच देऊ नका.

ऑटोमॅटिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाल्या बऱ्याच गाड्यांत ट्रान्समिशनचं तेलही याच रेडिएटरच्या खालच्या टाकीत थंड होतं. रेडिएटर चोंदला की ते तेल तापून पातळ होतं, भरल्या गाठींसह गाडी रॅम्पवर ओढत नाही आणि मेकॅनिक क्लच प्लेट बदलायला सांगतो. आधी रेडिएटर बघा, मग पैसे काढा.

बाकी कामाबद्दल तक्रार नाही. आपल्याकडे यार्ड मुरमाचं, त्यामुळे काउंटरबॅलन्सशिवाय, म्हणजे मागच्या वजनावर तोल धरणाऱ्या अशा गाडीशिवाय, इलाज नाही. हँड पॅलेट ट्रक आणि स्टॅकरची बारकी चाकं मुरमात रुततात. रीच ट्रक अरुंद गल्लीत उंच रॅकसाठी झकास, पण त्याला गुळगुळीत काँक्रीट लागतं. बॅटरीवाली गाडी धूर करत नाही, पण गावाकडच्या विजेच्या भरवशावर हंगामात चार्जिंग कोण सांभाळणार? टायर सॉलिड घ्या, हवेचे नको. धक्के बसतात, पण गाठींच्या तुटलेल्या तारांनी पंक्चर होत नाहीत.

3 टनी म्हणजे क्लॅम्प (गाठी दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पंजा) लावूनही 3 टन, असं समजू नका. ती क्षमता लोडचा मध्य काट्यांच्या उभ्या पाठीपासून 500 मिमीवर असताना. पुढच्या चाकाच्या मध्यापासून ती पाठ अर्धा मीटर धरली आणि लोडचा मध्य 700 मिमीवर गेला, तर 3000 × 1000 ÷ 1200, म्हणजे 2500 किलो. त्यातून क्लॅम्पचं स्वतःचं वजन वजा. एक गाठ 170 किलोच्या आसपास, त्यामुळे जमिनीलगत निभतं. थप्पी उंच गेली की मास्ट (काटे वर नेणारा उभा खांब) पुढे झुकवून गाठी धरून ठेवू नका. क्लॅम्पचा दाब जास्त झाला तर पट्ट्या तुटतात, कमी पडला तर गाठ निसटते.

मास्टची चेन टेपनं मोजा. पाऊण इंची पिचच्या (दोन पिनांमधल्या अंतराच्या) चेनमध्ये 16 पिचचं माप नवीन असताना 305 मिमी. 314 झालं, म्हणजे 3 टक्के ताणली, की बदला. चेनमुळे जॅक एक फूट वर गेला की काटे दोन फूट जातात, म्हणून ताण दोन्ही चेनवर सारखाच हवा.

मार्चनंतरची भर: आधी एकच तारा देणार होतो. इंजिनाच्या पोटाखाली बारीक जाळी बोल्टनं बसवली आणि काटा खाली आला. जाळी खोलता येईल अशीच करा, वेल्डिंग नको, कारण तीही चोंदते. थंडीत पाळीला एकदा झाडून भागतं. पारा 42 च्या वर गेला की दोनदा. आता तीन तारे. राहिलेले दोन कापले ते सेल्समनसाठी: कापूस आणि कागदाच्या कारखान्यांसाठी कचरा-जाळी आणि मोकळ्या फिनचा रेडिएटर असे पर्याय या धंद्यात मिळतात, पण गाडी विकताना त्यानं तोंड उघडलं नाही.

घेणार असाल तर हे दोन्ही पर्याय ऑर्डरवरच लिहून घ्या. सोबत क्लॅम्पसह क्षमतेची पाटी आणि वॉरंटीतल्या भेटीचे किलोमीटर कोण भरणार, तेही.