फ्री सरकारी पोर्टल सोडून पैसे देऊन रिटर्न भरलं, २१,८०९ रुपयांचा फटका बसला. रिफंड वाढवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

आधी आकडे सांगतो म्हणजे कोणाला वाटायला नको की उगाच रडतोय. प्लॅनचे १,४९९. रिफंडवर २० टक्के कमिशन म्हणून ८,३२०. सरकारला दंडासारखा जादा टॅक्स ९,४९०. हे सगळं निस्तरायला सीएची फी २,५००. एकूण २१,८०९ रुपये, आणि व्याज वेगळं. आणि हे कशासाठी, तर जे आयकर रिटर्न सरकारी पोर्टलवर एक रुपया न देता भरता येतं ते "एक्सपर्ट"कडून भरून घेतलं म्हणून.

मी एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर आहे, पगार सोडून दुसरं उत्पन्न नाही. २०२३-२४ चा पगार ९,६०,०००. जुनी रिजीम, म्हणजे सवलती वजा करून टॅक्स लावायची जुनी पद्धत, कारण घराचं कर्ज आहे, त्याचं व्याज १,२०,०००, आणि पीएफ-एलआयसी मिळून ८०सी च्या बचतीच्या सवलतीचे दीड लाख पूर्ण. हे आणि पगारदाराची स्टँडर्ड डिडक्शन, व्यवसाय कर वजा होऊन फॉर्म १६ वर (कंपनी देते तो पगार-टॅक्सचा दाखला) टॅक्सेबल उत्पन्न ६,३७,५०० आणि टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापलेला टॅक्स, ४१,६००. आईवडिलांच्या मेडिक्लेमचा हप्ता १७,५०० मी एचआरला वेळेत दिला नव्हता, तो रिटर्नमध्ये टाकला की ३,६४० रुपये रिफंड बसत होता. हे मला कसं माहीत, तर जुलै २०२४ मध्ये मी सरकारी पोर्टलवर स्वतः आयटीआर-१, म्हणजे पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म, उघडून बघितलेलं. पगार, टीडीएस, बँकेचं नाव सगळं आधीच भरलेलं येतं. फक्त नव्या रिजीममधून बाहेर पडायचंय का असा एक प्रश्न येतो, त्याची भाषा अशी की हो म्हणायचं का नाही तेच कळत नाही. चुकीचं दाबलं तर काय, या भीतीने मी ते अर्धवट ठेवलं. माझ्या जागी कोणीही ठेवलं असतं.

त्याच आठवड्यात प्लांटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक आली. "फ्रीमध्ये रिटर्न भरा, तुमचा हक्काचा रिफंड मिळवा." टाकणारा आमच्यातलाच, त्याचा रिफंड आलेला, स्क्रीनशॉटसकट. अनोळखी नंबरवरून आली असती तर मी उघडली पण नसती. साइट चांगली दिसत होती, पॅन टाकला, फॉर्म १६ अपलोड केला, सगळी माहिती भरून झाली आणि मग शेवटच्या पानावर आलं की तुमचं होम लोन आहे त्यामुळे फ्री प्लॅन लागू नाही, एक्सपर्ट प्लॅन १,४९९. ही युक्ती सगळ्यांना माहीत असते तरी माणूस अडकतो, कारण अर्धा तास घालवलेला असतो. एक लक्षात ठेवा, सरकारी पोर्टलवर होम लोन असो, एक घर असो, पन्नास लाखांपर्यंत पगार असो, आयटीआर-१ फुकटच आहे. "फ्री" हा शब्द तिथे शेवटच्या पानावर बदलत नाही.

पैसे भरल्यावर फोन आला. मराठी बोलणारा, एकदम नम्र. "सर, तुमचा रिफंड ३,६४० नाही, ४१,६०० निघतोय. पूर्ण टीडीएस परत." मी विचारलं कसं काय. म्हणाला, "सर, सरकारी पोर्टल तुम्हाला सगळ्या सवलती दाखवणारच नाही, ते सरकारचंच आहे ना. आम्ही सगळी सेक्शन्स लावतो. आमचे २० टक्के रिफंड जमा झाल्यावरच द्या, आधी काही नको." आता सांगा, रिफंड आल्यावर पैसे घेणारा माणूस चोर वाटेल का? माझ्यासारख्याला टॅक्सची सेक्शन्स कुठून माहीत असणार? डॉक्टरने गोळी लिहून दिली तर आपण केमिस्ट्री विचारत नाही. मी पैसे मोजले होते ते याच कामाचे.

पण एक जागा आहे तिथे माझा राग अजून जात नाही.

रिटर्न भरल्यावर त्याने फक्त एक पानी पावती पाठवली, ती व्हेरिफिकेशनची पावती असते ना ती. पूर्ण रिटर्न मागितलं तर "सर ते पोर्टलवर आहे, लागेल तेव्हा देतो". त्या पावतीवर सवलतींची यादी नसते, नुसतं एकूण उत्पन्न असतं. आणि तिथे लिहिलेलं होतं ५,००,०००. बरोब्बर पाच लाख. मी ते बघितलं. रात्री जेवताना मोबाईलवर बघितलं, बायकोला पण दाखवलं, ती म्हणाली, "अहो, फॉर्म १६ वर तर सहा लाख सदतीस हजार होते ना?" आणि मी म्हटलं की सवलती लावल्यात, म्हणून कमी झालं. माझे १७,५०० वजा केले तर ६,२०,००० व्हायला पाहिजेत, मग उरलेले १,२०,००० गेले कुठे? एका वजाबाकीचं काम होतं. आणि पगारदार माणसाचं उत्पन्न असं गोल पाच लाखांवर येऊन थांबतं कसं? आता कळतं, जुन्या रिजीममध्ये पाच लाखांपर्यंत ८७ए ची सूट मिळून टॅक्स शून्य होतो, म्हणून हे लोक आधी पाच लाख ठरवतात आणि मग तिथे पोचायला काय खोटं घालायचं ते बघतात. तुमच्या पावतीवर असा गोल आकडा असेल तर आत्ता, हे वाचताना, उठून पूर्ण रिटर्न डाउनलोड करा.

मग काय घातलं होतं ते ऐका. ८०,००० रुपये ८०जीजीसी खाली, म्हणजे राजकीय पक्षाला देणगी. मी आयुष्यात कुठल्या पक्षाला दहा रुपये दिलेले नाहीत. आणि ४०,००० रुपये ८०डीडीबी खाली. ते सेक्शन कॅन्सर, किडनी निकामी होणं अशा आजारांच्या उपचाराच्या खर्चाचं आहे. माझ्या घरात देवाच्या कृपेने सगळे धडधाकट आहेत आणि या माणसाने चाळीस हजारांसाठी माझ्या घरात असला आजार लिहून टाकला. पैशांपेक्षा हे जास्त लागलं.

रिफंड ऑगस्टमध्ये जमा झाला आणि त्याच दिवशी ८,३२० चा क्यूआर कोड आला. स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव नाही, कुठल्यातरी बाईचं नाव. विचारलं तर म्हणे अकाउंट्स मॅडमचं आहे. जीएसटी नंबर असलेलं बिल मागितलं, आजतागायत आलेलं नाही. फी कधीही रिफंडच्या टक्क्यात ठरवू नका. काम तेच असतं, मग रिफंड मोठा झाल्यावर फी कशाला वाढेल? ज्याला टक्का मिळतो तो आकडा फुगवणारच.

वर्षभर काही कळलं नाही. कारण पुढे. २०२५ च्या जुलैमध्ये, १४ तारखेला, आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली, अशाच खोट्या सवलती लावून देणाऱ्यांवर. बातम्यांत आलं की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० लोकांनी स्वतःहून रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे क्लेम मागे घेतले. म्हणजे मी एकटा नाही, हे मला मूर्ख म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. त्यानंतर आमच्या एचआरचा सगळ्यांना मेल आला की आपापलं रिटर्न तपासा. लॉगिन करायला गेलो तर पासवर्ड चालेना. आधार ओटीपीने नवीन पासवर्ड केला आणि प्रोफाइल उघडलं तर ईमेल माझा नाही, मोबाईल नंबर माझा नाही. विभागाकडून देणगीबद्दल विचारणा येऊन पडली होती आणि ती कोणाच्या तरी फेकून दिलेल्या ईमेलवर जात होती! रिटर्न भरताना माझ्याकडून दोन ओटीपी घेतलेले, एक म्हणे लॉगिनचा, एक व्हेरिफिकेशनचा. तो आधार ओटीपी म्हणजे तुमची सही असते. कोऱ्या कागदावर करत नाही तशी फोनवर पण करू नका. आणि प्रोफाइलमधला ईमेल-मोबाईल दर वर्षी स्वतः बघा, दोन मिनिटं लागतात.

यानंतर खरी परवड सुरू झाली. साइट बंद. फोन बंद. ग्रुपवर लिंक टाकणारा म्हणतो मला काय माहीत, मला पण दुसऱ्याने दिली. पोलीस स्टेशनला गेलो, तासभर बसवून ठेवलं आणि साहेब म्हणाले, "अहो, ४१,६०० तुमच्याच खात्यात आले ना? मग फसवलं कोणी कोणाला?" मी सांगतोय की माझ्या नावावर खोटं लिहिलंय, लॉगिन बदललंय, पैसे खाजगी खात्यात घेतलेत, आणि ते मलाच विचारतात की तुम्ही रिफंड घेतला का. तक्रार अर्ज घेतला, एफआयआर नाही. सायबरला जा म्हणाले, सायबरवाले म्हणाले आधी तुमच्या हद्दीत नोंदवा. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणतो यूपीआय पिन तुम्ही स्वतः टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. त्याच बँकेत केवायसी नाही का? ज्या बाईच्या खात्यात पैसे गेले तिचा पॅन, आधार, पत्ता सगळं कुठल्यातरी बँकेकडे आहेच ना? मग शोधायला काय अडचण आहे? आयकरच्या हेल्पलाइनला फोन केला तर तिकडची मुलगी वाचून दाखवल्यासारखं एकच वाक्य म्हणते, रिटर्नमधल्या माहितीची जबाबदारी करदात्याची आहे. टॅक्स ऑफिसला गेलो, तिथे सांगतात आता सगळं ऑनलाइन आहे, आमच्याकडे फाइल नसते. ऑनलाइन तक्रार केली तर उत्तर न देता "निकाली" म्हणून बंद केली. काय निकालात काढलं? माझे पैसे? तो माणूस? मी प्रामाणिकपणे दर महिन्याला टॅक्स कापून देणारा माणूस, माझा पगार हातात येण्याआधी यांना मिळतो, आणि मला फसवणाऱ्याचा खाते क्रमांक मी हातात नेऊन दिला तरी कोणी घ्यायला तयार नाही. पगारदाराला नोटीस पाठवायला यंत्रणा आहे, दलालाला पकडायला नाही का? छापे पडले हे चांगलंच झालं, पण माझ्याकडचे चॅट, क्यूआर, नंबर, स्क्रीनशॉट कोणी विचारलेसुद्धा नाहीत.

शेवटी मेहुण्याच्या ओळखीच्या सीए मॅडमकडे गेलो. त्यांनी सरळ सांगितलं, वाट बघू नका, चुकीची माहिती दिली म्हणून आयकर कायद्याचं २७०ए कलम लागलं तर टॅक्सच्या २०० टक्के दंड, म्हणजे तुमचे ७५,९२०. त्यापेक्षा अपडेटेड रिटर्न भरा, म्हणजे चूक सुधारून जादा टॅक्ससकट पुन्हा भरायचं रिटर्न. भरलं. ३७,९६० टॅक्स परत, त्यावर २५ टक्के जादा ९,४९०, असे ४७,४५० आणि वर व्याज. सणाच्या तोंडावर एफडी मोडली.

कोणी म्हणेल मग पैसे देऊन रिटर्न भरूच नये का? तसं मी म्हणत नाही. शेअर्सची खरेदी-विक्री, एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स), परदेशातलं उत्पन्न, धंदा असं असेल तर चांगला सीए किंवा नोंदणीकृत ठिकाण यांना ठरलेली फी द्या, पक्कं बिल घ्या, पूर्ण रिटर्नची पीडीएफ भरायच्या आधी वाचा. पण एक पगार, एक घर, थोडं एफडीचं व्याज एवढंच असेल तर फुकटचं पोर्टल पुरतं, पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन आहे का एवढं बघा. तो रिजीमचा प्रश्न अडला तर कोणाला तरी विचारा. मला सीए मॅडमनी दोन मिनिटांत समजावला, जुनी रिजीम हवी असेल तर बाहेर पडायचंय ला "हो". आणि फॉर्म १६ मध्ये नसलेली सवलत कोणी लावली तर त्याचा कागद माझ्याकडे आहे का, हा एकच प्रश्न स्वतःला विचारा. कागद नाही तर सवलत नाही. दोन पोर्टलवर रिफंडमध्ये हजारोंचा फरक दिसला तर जिथे जास्त दिसतोय तिथलं आधी बंद करा. पैसे कापले गेले की लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा, माझ्यासारखं वर्षाने नाही.

आमच्या प्लांटमधल्या ज्यांनी त्याच लिंकवरून भरलंय त्यातले काही अजून गप्प आहेत, नोटीस आली नाही म्हणजे सुटलो असं त्यांना वाटतंय. दादांनो, तुमचा पण ईमेल बदललेला असणार, नोटीस तुम्हाला दिसणारच नाही. त्या वर्षाचं अपडेटेड रिटर्न ३१ मार्च २०२६ पर्यंत भरलं तर २५ टक्के जादा, त्यानंतरच्या वर्षभरात ५० टक्के.